सुलभकाची खुर्ची

‘सुलभक’ हा शब्द मराठीत आला तो प्रशिक्षणांच्या वाटेने. शिक्षकांची शिबिरे, बचत गटांच्या बैठका, स्वयंसेवी संस्थांच्या कार्यशाळा यांच्या पत्रकांवर तो छापलेला दिसतो. बोलताना मात्र बहुतेक जण ‘फॅसिलिटेटर’च म्हणतात. शब्द वाईट नाही. गुरू नको, अध्यक्ष नको, डॉक्टरही नको. मंडळी आपापसांत बोलतील एवढी वाट जरा सोपी करून देणारा कुणीतरी असावा, असा नम्र अर्थ त्यात आहे. मला संशय येतो तो या नम्रतेचाच. पंधरा माणसे गोल करून बसली आणि त्यांतल्या एकाला ‘हा नुसता सुलभक’ म्हटले, की त्याच्या हातातली सत्ता नाहीशी होत नाही, ती दिसेनाशी होते. उपचारासाठी किंवा स्वतःला ओळखण्यासाठी गेली शंभर-सव्वाशे वर्षे जे गट बसत आले, त्यांचा इतिहास मला एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. गटात काय घडले, हे सांगण्याचा हक्क कुणाचा?

सुरुवात क्षयरोग्यांपासून झाली. बॉस्टनमधले डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी १९०५ सालच्या जुलैत गरीब क्षयरोग्यांचा एक ‘वर्ग’ भरवला. सॅनेटोरियमचा खर्च ज्यांच्या आवाक्याबाहेर होता अशी ही माणसे. पैसे इमॅन्युएल चर्चने दिले. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी यायचे, वजन करून घ्यायचे, आणि ताप किती, विश्रांती किती तास, उघड्यावर किती वेळ झोपलो याची नोंद असलेली वही दाखवायची. परिचारिका मधूनमधून घरी जाऊन पाहत असे. प्रॅट यांचा हेतू साधा होता: एकेकाला तेच तेच सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगावे. पण काही महिन्यांतच त्यांच्या ध्यानात आले की वजन वाढलेला रोगी शेजारच्याला जे देतो, ते डॉक्टरच्या भाषणातून मिळत नाही. एकाच दुखण्याने ही निरनिराळ्या देशांतून, धर्मांतून आलेली माणसे एकमेकांशी बांधली गेली होती. तरीही तो वर्गच होता, आणि पुढे उभे राहणारे मास्तर प्रॅटच होते.

मास्तरच्या खुर्चीला पहिला धक्का बसला तो मनोविश्लेषणाच्या खोलीत, आणि तोही जवळजवळ विनोदी पद्धतीने. ट्रायगंट बरो हे अमेरिकेतल्या पहिल्या पिढीतले मनोविश्लेषक; युंग यांच्याकडे शिकून आलेले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास क्लॅरन्स शील्ड्स या त्यांच्या शिष्याने त्यांना सुनावले की विश्लेषकाची ही जागाच हुकमी आहे, आणि तुम्ही खरे असाल तर जागांची अदलाबदल करून दाखवा. बरो यांनी केली. गुरू रोग्याच्या जागी गेला आणि शिष्य विश्लेषकाच्या. थोड्याच दिवसांत दिसले ते असे की शील्ड्स त्या खुर्चीत बसल्याबरोबर तितकेच हुकमी होऊ लागले. दोष माणसात नव्हता, खुर्चीत होता. मग बरो यांनी आणखी माणसे बोलावली आणि सगळ्यांनी सगळ्यांचे विश्लेषण करायचे असा बेत मांडला. ज्या अमेरिकन संघटनेचे ते काही काळ अध्यक्ष होते, तिच्यातून पुढे ते बाहेर पडले. आज त्यांचे नाव फारसे कुणी घेत नाही.

यानंतरचा माणूस आपल्याकडचा, निदान जन्माने. विल्फ्रेड बिऑन १८९७ साली मथुरेत जन्मले. आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले गेले आणि पुन्हा भारत काही त्यांना दिसला नाही. पहिल्या महायुद्धात ते रणगाड्यावर होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३च्या हिवाळ्यात, बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी इस्पितळात मन खचलेल्या सैनिकांचा एक विभाग त्यांच्या हाती आला. बेशिस्त, अस्वच्छता, कामचुकारपणा यांनी तो विभाग भरलेला होता. बिऑन यांनी नियम केला: प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या कामाच्या गटात सामील व्हायचे, आणि रोज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांनी अर्धा तास एकत्र जमून आपल्या विभागाकडे बाहेरच्याने पाहावे तसे पाहायचे. सैनिक तक्रार घेऊन यायचे की अमके लोक काहीच करत नाहीत, त्यांना शिक्षा करा. बिऑन शिक्षा करत नसत. हा प्रश्न तुमचा आहे, त्याचा अभ्यास तुम्हीच करा, असे म्हणून तो परत त्यांच्या ओंजळीत टाकत. विभाग सुधारू लागला, पण वरचे अधिकारी बिथरले आणि सहा आठवड्यांत प्रयोग गुंडाळण्यात आला.

युद्धानंतर लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये बिऑन यांनी हीच रीत टोकाला नेली. माणसे यायची, गोल बसायची, आता डॉक्टर काहीतरी सुरू करतील म्हणून वाट पाहायची. आणि डॉक्टर गप्प. लोक अस्वस्थ व्हायचे, चिडायचे, आपसांत कुजबुजायचे. मग बिऑन एवढेच सांगत की, मी काहीतरी करावे अशी इथे सगळ्यांची अपेक्षा दिसते. यातून त्यांनी जे मांडले ते १९६१ साली पुस्तकरूपाने आले: गट एखादे काम करायला बसतो खरा, पण त्याच वेळी तो आतल्या आत कुणा तारणहाराची वाट पाहत असतो, नाहीतर शत्रू शोधत असतो. नेत्याने रिकामी ठेवलेली जागा माणसे रिकामी राहू देत नाहीत. नॉर्थफील्डमध्येच नंतर काम केलेल्या झीगमुंड फोक्स यांनी अधिक सौम्य वाट धरली. ‘नेता’ हा शब्द टाळून त्यांनी वाद्यवृंदाच्या संचालकाचा शब्द घेतला. मला मात्र बिऑन यांचे मौन हे सत्ता सोडणे वाटत नाही. गप्प बसलेला माणूस कुणालाही उत्तर द्यायला बांधलेला नसतो, आणि अर्थ लावण्याचा शेवटचा शब्द अखेर त्याचाच राहतो.

हा शेवटचा शब्द हिसकावून घेतला गेला तो अमेरिकेत, एका उन्हाळी संध्याकाळी, आणि कुणी ठरवून नव्हे. कुर्ट लेविन हे जर्मन ज्यू मानसशास्त्रज्ञ १९३३ साली हिटलर आल्यावर देश सोडून निघाले होते. आईला मात्र ते वाचवू शकले नाहीत. ती नाझींच्या छळछावणीत गेली. माणसांचे जमाव असे का वागतात, हा त्यांच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता. १९४६ मध्ये कनेक्टिकट राज्याच्या वंशसंबंधविषयक आयोगाने त्यांच्याकडे मदत मागितली. त्यातून न्यू ब्रिटन गावातल्या शिक्षक महाविद्यालयात दोन आठवड्यांचे शिबिर भरले. शिक्षक, समाजसेवक, स्थानिक कार्यकर्ते अशी चाळीसेक माणसे, त्यांत कृष्णवर्णीय आणि ज्यू बरेच. दिवसा गटांत चर्चा चाले. प्रत्येक गटात एक निरीक्षक टिपणे घेई, आणि रात्री संशोधक मंडळी एकत्र बसून कोण कसे वागले याची चिरफाड करीत. हे सगळे अर्थातच शिबिरार्थींच्या पाठीमागे.

एका रात्री तीन शिबिरार्थी दारात येऊन विचारू लागले, आम्ही बसलो तर चालेल का? संशोधकांपैकी काहींना ते आवडले नाही. लेविन यांनी हो म्हटले. निरीक्षकाने वाचायला सुरुवात केली. त्यात समोर बसलेल्या एका बाईंचाच उल्लेख आला. सकाळच्या चर्चेत त्या कशा वागल्या, असे काहीतरी. बाई तिथल्या तिथे म्हणाल्या, असे झालेच नव्हते. झाले होते ते असे. निरीक्षकाने आपली बाजू मांडली, आणखी कुणी तिसरी आठवण सांगितली, आणि लेविन खुलले. इथे त्यांना एकाच घटनेच्या तीन नोंदी मिळत होत्या आणि तिन्हींचे धनी समोरासमोर बसलेले होते. दुसऱ्या रात्री शिबिरार्थींची गर्दी झाली. दिवसाच्या चर्चेपेक्षा रात्रीची बैठकच माणसांना जास्त शिकवू लागली.

विद्युत अभियांत्रिकीतून उचललेला ‘फीडबॅक’ हा शब्द या कामाला चिकटला तो याच काळात. आज कार्यालयांतून तो वरच्याने खालच्याला द्यायची वस्तू झाला आहे. त्याच्या मुळाशी असलेला प्रसंग उलटा होता: जिच्याविषयी लिहिले जात होते तिने लिहिणाऱ्याला अडवले.

लेविन फेब्रुवारी १९४७ मध्ये वारले, छप्पन्नाव्या वर्षी. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे ब्रॅडफर्ड, बेन आणि लिपिट यांनी, मेन राज्यातल्या बेथेल या लहानशा गावी पहिली ‘प्रयोगशाळा’ भरवली. तिच्यातल्या गटांना टी-ग्रुप म्हणू लागले. टी म्हणजे ट्रेनिंग. विषयपत्रिका नाही, अध्यक्ष नाही, आत्ता इथे आपल्यात काय चालले आहे एवढाच विषय. ही रीत बेथेलहून जगभर गेली. भारतात ती व्यवस्थापनाच्या आणि ग्रामविकासाच्या प्रशिक्षणातून आली. उदय पारीक यांच्यासारख्यांनी तिला इथल्या संस्थांमध्ये जागा मिळवून दिली, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी ‘इंडियन सोसायटी फॉर अप्लाइड बिहेव्हियरल सायन्स’ ही संस्था उभी राहिली.

इथे भाषेचा एक पेच आहे, आणि अनेक भाषांत वाचणाऱ्यांना तो चटकन कळेल. टी-ग्रुपचा मार्गदर्शक पुन्हा पुन्हा बजावतो की विचार सांगू नका, भावना सांगा. इंग्रजीत या दोन क्रिया वेगळ्या आहेत. मराठी माणूस म्हणतो, ‘मला वाटतं’. ते मत आहे की भावना? दोन्ही. हिंदीतले ‘लगना’, कन्नडातले ‘अनिसु’, बंगालीतले ‘मोने होय’ यांचीही तीच गत. आपल्या भाषांनी या दोहोंमध्ये भिंत बांधलीच नाही, हे मला त्यांचे शहाणपण वाटते. पण गोलात बसलेल्या बुजऱ्या माणसाला मार्गदर्शक सांगतो की हे तर मत झाले, भावना नव्हे. म्हणजे त्याला काय वाटते तेही दुसराच ठरवणार. शिवाय अरे-तुरे की अहो-जाहो? सगळ्यांनी एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारायची, असा दंडक इंग्रजीत एका वाक्यात निभावतो. मराठीत प्रत्येक क्रियापदागणिक साहेबाची पायरी कुठली ते ठरवावे लागते. अशा गटांत माणसे इंग्रजीकडे वळतात ती काही वेळा केवळ या अडचणीतून सुटायला.

अमेरिकेत दरम्यान या गटांचे रूपच पालटले. शिकागोत कार्ल रॉजर्स यांनी १९४६ पासूनच युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी समुपदेशक तयार करताना गट वापरले होते. ‘सुलभक’ शब्दामागची नम्रता मुख्यतः त्यांची. गटावर विश्वास ठेवावा, त्याला ढकलू नये, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या एका गटाच्या चित्रीकरणावरून केलेल्या ‘जर्नी इनटू सेल्फ’ या माहितीपटाला १९६८ सालचा ऑस्कर मिळाला. पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वारे वेगळे वाहत होते. १९६२ साली मायकेल मर्फी आणि रिचर्ड प्राइस यांनी बिग सूरला एसालेन ही संस्था काढली. मर्फी त्याआधी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात वर्षाहून अधिक काळ राहून आलेले. एसालेनमध्ये फ्रिट्झ पर्ल्स यांनी गोलाच्या मध्यात एकाला बसवून सर्वांदेखत सोलायला सुरुवात केली. विल्यम शुट्झ यांच्या गटांत माणसे एकमेकांना भिडत, रडत, कुस्ती खेळत. चोवीस चोवीस तास न झोपता चालणारे गट निघाले. थकलेला माणूस खोटे बोलू शकत नाही, असा त्यामागचा तर्क होता. तो पोलीस कोठडीतही वापरला जातो, हे त्या उत्साहात कुणी बोलल्याचे दिसत नाही.

सर्वांत वाईट शेवट सिनॅनॉनचा. चार्ल्स डेडरिक हा दारू सोडलेला माणूस. अल्कोहॉलिक्स अॅनॉनिमसमध्ये बरा झालेला. १९५८ मध्ये त्याने व्यसनी लोकांसाठी हे निवासी केंद्र काढले. तिथल्या गटाला ‘खेळ’ म्हणत. खेळात कुणी कुणालाही काहीही बोलावे, ओरडावे, खोटेही आरोप करावेत. सुरुवातीला अनेकांची व्यसने सुटली. वर्तमानपत्रांनी कौतुक केले. हळूहळू आत गेलेल्याला बाहेर येण्याची वाट उरली नाही. १९७८ साली सिनॅनॉनच्या माणसांनी त्यांच्याविरुद्ध खटला चालवणाऱ्या पॉल मोरँट्झ या वकिलाच्या पत्रपेटीत खुळखुळ्या साप ठेवला. साप चावला, वकील वाचला. ज्या संघटनेतून डेडरिक आला होता तिथे, १९३५ पासून, पुढची खुर्ची फिरती असते, कुणी कुणाच्या बोलण्यावर शेरा मारत नाही आणि कुणी कुणाचा पुढारी नसतो. त्याने नेमके तेवढेच काढून टाकले होते.

या सगळ्यावर मोजपट्टी घेऊन बसले ते तिघे जण: मॉर्टन लीबरमन, अर्विन यालोम आणि मॅथ्यू माइल्स. साठच्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांना दीड डझनाच्या आसपास गटांत वाटले. दहा निरनिराळ्या पंथांचे नामवंत मार्गदर्शक बोलावले. दोन गट तर नुसत्या टेपवरच्या सूचनांवर चालले. प्रत्येक गट सुमारे तीस तास. मग महिनोन्महिने पाठपुरावा केला आणि १९७३ मध्ये पुस्तक आले.

निष्कर्ष कुणालाच सोयीचे नव्हते. सुमारे एक तृतीयांश लोकांना फायदा झाला. सोळा जणांना, म्हणजे शंभरी आठ, टिकणारी मानसिक इजा झाली. मार्गदर्शक कुठल्या पंथाचा यावरून काहीच सांगता येत नव्हते. एकाच पंथाचे दोघे अगदी वेगळे वागत. इजा झालेल्यांतले जवळजवळ निम्मे एका विशिष्ट जातीच्या मार्गदर्शकांकडचे निघाले: तेजस्वी, आक्रमक, माणसाला उघडे पाडायची घाई असलेले, आणि आपल्या रीतीवर गाढ श्रद्धा असलेले. जिव्हाळा देणारे आणि घडलेल्याचा अर्थ लावायला मदत करणारे मार्गदर्शक सर्वांत उपयोगी ठरले. भावना उसळवणे मात्र मध्यम प्रमाणात असेल तरच बरे. टेपवर चालणारे गट तर बऱ्याच नामवंतांपेक्षा खाली नव्हते, याची त्या नामवंतांना काय मौज वाटली असेल!

पण या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट दुसरीच आहे. इजा कुणाला झाली हे शोधायचे कसे, हा संशोधकांपुढचा पहिला पेच होता. त्यांनी अनेक मार्गांनी शोध घेतला. चाचण्यांचे आकडे पाहिले, मार्गदर्शकांना विचारले, गटातल्या सोबत्यांना विचारले. मार्गदर्शकांना आपल्याच गटातले दुखावलेले लोक फारसे ओळखता आले नाहीत. सोबत्यांना आले. कुणाचे काहीतरी मोडले, हे शेजारच्या खुर्चीवरल्या, मानसशास्त्राचा गंध नसलेल्या पोराला किंवा पोरीला दिसले होते. कनेक्टिकटच्या बाईंनी सत्तावीस वर्षांपूर्वी जे एका रात्री केले, त्याला इथे आकड्यांचा आधार मिळाला.

त्या पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच हीच लाट पुण्याला येऊन धडकली होती. रजनीश १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात आले, आणि पुढच्याच वर्षीपासून तिथे गट सुरू झाले. लंडन आणि कॅलिफोर्नियात ही कामे केलेले लोकच ते चालवीत. येणारे जवळजवळ सगळे परदेशी. भारतीयांना या गटांची गरज नाही, त्यांना ध्यान पुरे, असे रजनीश सांगत. म्हणून पुण्यात घडूनही हा इतिहास पुणेकरांच्या आठवणीत भगव्या झग्यांपुरताच उरला. आतल्या गाद्या लावलेल्या खोल्यांत काय चालले होते ते गावाने वर्तमानपत्रांत वाचले. एसालेनचे संस्थापक रिचर्ड प्राइस स्वतः आले होते, संन्यासाचे नावही घेतले होते. आणि तिथल्या गटातली मारहाण आणि जबरदस्ती पाहून ते परतले. त्यांचे निषेधाचे पत्र ‘टाइम’ साप्ताहिकापर्यंत पोचले. १९७९ च्या सुरुवातीला आश्रमाने जाहीर केले की गटांमधून हिंसा आता बंद. प्राइस यांचे पत्र मला महत्त्वाचे वाटते ते यासाठी की ते कुणा सनातनी पुणेकराने लिहिलेले नव्हते. या कामाचा जन्म ज्यांच्या अंगणात झाला त्यांतलेच एक जण गोलातून उठून म्हणत होते, असे नाही चालायचे.

त्याच शहरात, नदीपलीकडे येरवड्याला, १९८६ साली गट बसू लागले ते वेगळ्या गरजेतून. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लिहिलेले वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली, आणि मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या सुनंदा अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. तिथल्या गटांत मराठीच चालते, ‘मला वाटतं’ला कुणी हटकत नाही. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक होतात. प्रॅट यांच्या वर्गात वजन वाढलेला रोगी शेजारच्याला जे देत होता तेच हे. आणि व्यसनी माणसांच्या बायकांसाठी निराळा गट निघाला. आत चाललेल्या गटात नवरा आपली जी कहाणी सांगतो, तीच कहाणी तिने कशी पाहिली ते सांगायला तिची अशी जागा झाली.

बाकी महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर आज अशा गटांचा सुकाळ आहे. हॉटेलांच्या सभागृहांत, डोंगरावरच्या रिसॉर्टांत, कंपन्यांच्या प्रशिक्षण केंद्रांत शनिवार-रविवार माणसे गोल करून बसतात, रडतात, मिठ्या मारतात. अशी शिबिरे घ्यायला परवाना लागत नाही. शेवटी एक कागद हातात येतो: जागा कशी होती, जेवण कसे होते, सुलभकाला पाचपैकी किती गुण द्याल. तुमच्या शेजारी बसलेल्यांपैकी कुणाला आज लागले असे तुम्हाला वाटते का, हा प्रश्न त्या कागदावर मी अजून पाहिलेला नाही. तो छापायला एक ओळ पुरते.